गुरू सोडण्याची रीत

मैफल सुरू होण्याआधी निवेदक गायकाचा परिचय वाचतो. प्राथमिक शिक्षण अमुक बाईंकडे, पुढे तमुक बुवांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम, सध्या फलाण्या पंडितजींचं मार्गदर्शन. तीन नावं आणि मध्ये दोन स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामांत काय घडलं हे सभागृहातल्या निम्म्या मंडळींना ठाऊक असतं, पण निवेदनात ते कधी येत नाही. बाईंनी फोन घेणं बंद केलं होतं. बुवांना तर पेपरातल्या जाहिरातीवरून कळलं. काही वर्षांनी बाईंचं नाव परिचयातून आपोआप गळतं. त्या गल्लीतल्या, परीक्षेची मुलं शिकवणाऱ्या. आवाज त्यांनी लावून दिला, तालात त्यांनी बसवलं, पण मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्यांचं नाव शोभत नाही.

खाजगी शिकवणीची आजची अवस्था पाहायची तर ती या स्वल्पविरामांतच पाहावी, असं मला वाटतं. शिकवण्याच्या पद्धतीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्वरलेखन असावं की नसावं, घराण्यांची शुद्धता राखावी की नाही, आवाजाची मेहनत कशी घ्यावी, यावर परिसंवाद झडतात. शिष्याने एका गुरूकडून दुसऱ्याकडे कसं जावं, पहिल्याने त्याला कसं जाऊ द्यावं आणि दुसऱ्याने कसं घ्यावं, यावर मात्र कुजबुज चालते, तीही चहाच्या वेळी.

एकच गुरू, बारा वर्षं सेवा आणि गुरुमुखातून येईल तेवढीच विद्या, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतो. महाराष्ट्रातल्या गाण्याचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. भास्करबुवा बखले बडोद्याला फैजमहंमद खाँसाहेबांकडे शिकले, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे, मग अल्लादिया खाँकडे. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन वाटा एका गळ्यात आल्या आणि त्यातूनच मास्तर कृष्णराव, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे यांच्यापर्यंत ते गाणं पोचलं. गजाननराव जोशींना वडील अंतूबुवांची तालीम होती. शिवाय रामकृष्णबुवा वझे, विलायत हुसेन खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडे ते शिकले. राम मराठ्यांच्या गुरूंची यादी तर सांगता सांगता दम लागावा अशी आहे. जितेंद्र अभिषेकी जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, अजमत हुसेन खाँकडे शिकले आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या अनवट रागांचा साठा सांभाळणाऱ्या गुलुभाई जसदनवालांकडेही गेले. यांना आज कोणी बेइमान म्हणत नाही. त्या त्या वेळी म्हणणारे नक्की असतील, पण त्यांची नावं कोणाच्या लक्षात राहिलेली नाहीत.

ही मंडळी इकडून तिकडे गेली कशी? कधी मृत्यूने मार्ग मोकळा केला. मंजी खाँ १९३७ साली अकाली गेले आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम त्यांचे धाकटे भाऊ भूर्जी खाँ यांच्याकडे सुरू झाली. घर एकच, तेव्हा गुरुद्रोहाचा प्रश्नच नव्हता. पण त्याआधी मिरजेला नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरचं शिक्षण घेतलेले मन्सूर मंजी खाँकडे आले, तो खरा बदल होता आणि त्यात त्यांची सगळी गायकीच पालटली. कधी गुरुगृहातल्या भांडणाने वाट काढून दिली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना धारला देवजीबुवांच्या घरातून निघावं लागलं ते असल्याच कलहापायी. पुढे वासुदेवबुवा जोशींकडे त्यांना खरी तालीम मिळाली. म्हणजे महाराष्ट्रात ग्वाल्हेरची गायकी ज्यांनी रुजवली, त्यांच्याही चरित्रात एक सोडलेलं गुरुगृह आहे.

सगळ्यात बोलका प्रसंग जयपूर घराण्यातला. केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँकडे शिकल्या, मग वझेबुवा, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा असं करत करत १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. खाँसाहेबांनी त्यांना सहजी पत्करलं नाही. मोठा नजराणा, दरमहा ठरलेला पगार आणि तालमीत वर्षानुवर्षं खंड पडणार नाही याची हमी, अशा अटी त्यांनी घातल्याचं जुने लोक लिहून गेले आहेत. शेठ विठ्ठलदास द्वारकादासांनी पैशाची बाजू उचलली. आजच्या भाषेत याला करार म्हणतात. आपण गंड्याचा लाल धागा लक्षात ठेवला आणि त्यामागचा व्यवहार विसरलो. त्या व्यवहारात काही चुकीचं नव्हतं, उलट दोन्ही बाजू स्वच्छ होत्या. खाँसाहेब रोज शिकवत, केसरबाई रोज शिकत, आणि हे १९४६ साली खाँसाहेब जाईपर्यंत चाललं. पंचवीस वर्षं.

ही या नात्याची उजळ बाजू. काळी बाजू मोगूबाई कुर्डीकरांनी भोगली. सांगलीला त्यांचं गाणं कानावर पडलं म्हणून खाँसाहेबांनी स्वतःहून त्यांना शिकवायला घेतलं होतं. खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या, पण तिथली तालीम आता केसरबाईंशी बांधलेली होती. मोगूबाई आग्र्याच्या उस्तादांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, आणि तीही तालीम बंद पडावी म्हणून दडपण आलं, असं गानवर्तुळात आजही सांगतात. अखेर अल्लादिया खाँसाहेबांनीच त्यांना गंडा बांधला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच. मला यात दोष कोणा एका बाईचा दिसत नाही. एक शिष्या पैसे भरते म्हणून दुसरीला शिकवायचं नाही, ही अट घालणारा जितका जबाबदार, तितकाच ती ऐकून घेणाराही. शिष्याने एका गुरूशी बांधून घ्यावं यावर आपण पुष्कळ बोलतो. गुरूने किती जणांशी बांधून घेतलं आहे आणि त्यातल्या कोणाच्या वाट्याचं कोणाला दिलं, हे विचारायची मात्र चाल नाही.

मोगूबाईंनी पुढे जे केलं ते म्हणूनच मला मोठं वाटतं. स्वतःच्या मुलीला, किशोरीला, त्यांनी आपल्या गळ्याशी जखडून ठेवलं नाही. भेंडीबाजारवाल्या अंजनीबाई मालपेकर, आग्र्याचे अन्वर हुसेन खाँ, आणखीही काही गुरूंकडे पाठवलं. ज्या बाईला तालमीच्या दारात थांबावं लागलं, तिनेच दारं उघडी ठेवली. किशोरीताईंच्या गाण्यात जयपूरच्या चौकटीबाहेरचं जे आलं, त्यावरून घराण्याच्या कैवाऱ्यांनी त्यांना आयुष्यभर बोल लावले. पण ते त्यांच्या आईच्याच संमतीने आलं होतं, हे ते सोयीने विसरतात.

असाच दुसरा माणूस बी. आर. देवधर. स्वतः विष्णू दिगंबरांचे शिष्य, मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ त्यांचं विद्यालय. तिथे कोण कोण येत नसे? निरनिराळ्या घराण्यांचे उस्ताद येत, बसत, गात आणि मुलं ऐकत. कुमार गंधर्व दहा-बारा वर्षांचे असताना तिथे आले, आणि आपल्या मुलाचा कान बिघडेल या भीतीने देवधरांनी त्यांना कोंडून ठेवलं नाही. कुमारही अंजनीबाईंकडे गेले. देवधरांचा लोभ चिजा गोळा करण्याचा होता, शिष्य गोळा करण्याचा नव्हता. त्यांची पुस्तकं वाचताना जाणवतं की या माणसाला दुसऱ्याच्या गुरूविषयी बोलताना आपला गुरू लहान होतो असं कधी वाटलंच नाही.

विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा या नात्यात एक तिसरा पक्ष आला. विद्यार्थी फी संस्थेला देणार, शिक्षक संस्थेचा, अभ्यासक्रम छापील, परीक्षा सगळ्यांना सारखी. गुरूच्या लहरीपासून शिष्याची सुटका व्हावी, हा त्यातला हेतू आज आपल्या लक्षात येत नाही, पण तो मोठा होता. फी भरून गवई घडत नाही हेही पलुस्करांना कळत होतं. म्हणून उपदेशक वर्गाची मुलं ते स्वतःजवळ ठेवत, जेवूखाऊ घालत आणि त्यांच्याकडून कित्येक वर्षांचा करार लिहून घेत. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर हे त्या वळणाचे. मुदत ठरलेली होती. इतकी वर्षं माझी, मग तू मोकळा.

भातखंड्यांनी दुसऱ्या बाजूने धक्का दिला. घराण्यांच्या तिजोरीतल्या चिजा मिळवून त्यांनी क्रमिक पुस्तकांत छापल्या. वझेबुवांनीही आपला संग्रह ‘संगीत कला प्रकाश’मध्ये खुला केला. चीज छापली म्हणजे गायकी आली असं नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण ‘अमुक बंदिश हवी असेल तर इतकी वर्षं पाय चेपावे लागतील’ ही धमकी त्यांनी बोथट केली. मला हा गेल्या शतकातला सर्वांत परिणामकारक नैतिक सुधार वाटतो, आणि गंमत म्हणजे तो नीतीविषयी एक शब्द न बोलता झाला.

आज आपल्या शहरांत जे चालतं ते यांपैकी काहीच नाही. पुण्यात, डोंबिवलीत, ठाण्यात, म्हापशात, कोल्हापुरात एखाद्या सदनिकेची बाहेरची खोली असते. दोन तानपुरे, त्यातला एक इलेक्ट्रॉनिक, भिंतीवर गुरूंचा हार घातलेला फोटो, दाराशी चपला. आठवड्यातून दोनदा बॅच, शनिवारी एकट्याचा क्लास. फी महिन्याची. संस्थेचे नियम इथे नाहीत, कारण संस्थाच नाही. गंड्याची जबाबदारीही नाही, कारण गंडा बांधलेला नाही. शिक्षकाला फीची पावती द्यायची नसते, पण शिष्याकडून निष्ठा मात्र गुरुगृहातली हवी असते. विद्यार्थ्याला वेळेवर सुरू आणि वेळेवर संपणारी सेवा हवी असते, पण कार्यक्रमपत्रिकेत ‘यांची शिष्या’ असंही छापून हवं असतं. दोघांनाही जुन्या आणि नव्यातलं जे सोयीचं तेवढं हवं आहे.

फी हा विषय तर लाजेने गुंडाळलेला. ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणणारे शिक्षक अजून आहेत. त्यांची पाकिटं कायम पातळ असतात आणि मन कायम दुखावलेलं असतं. पालक इंग्रजीच्या शिकवणीला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरतात आणि गाण्याच्या बाईंना ‘या महिन्यात दोनच क्लास झाले ना’ म्हणून निम्मे देतात. सहाच्या क्लासला पावणेसहाला व्हॉट्सॲपवर ‘सॉरी मॅम, सबमिशन आहे’ येतं. तो तास बाईंनी दुसऱ्या कोणाला दिलेला नसतो. संध्याकाळचे चार तास हीच त्यांची सगळी मिळकत. निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची रजा नाही, आवाज बसला की उत्पन्न बसलं. दहावीत शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलांची रीघ लागली हे चांगलंच. पण गुण पदरात पडले की यातली बरीच मुलं क्लासकडे फिरकत नाहीत, आणि निरोपाचा फोनसुद्धा येत नाही. शिक्षकांचा कडवटपणा मी खोटा मानत नाही.

पण त्याच कडवटपणाची भरपाई निष्ठेच्या नावाने वसूल केली जाते तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. फी कमी ठेवायची आणि मग गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची तिकिटं विकायला लावायची, पत्रिका वाटायला लावायच्या, फेसबुकचं पान सांभाळायला लावायचं. गुरूच्या मैफलीत मागे तानपुऱ्यावर बसणं हे शिक्षण आहे, यात वाद नाही. जगात दुसरीकडे कुठे मिळणार नाही असं शिक्षण आहे ते. पण शिष्य दहा वर्षं तानपुरा लावतो, दौऱ्यावर सामान उचलतो, मधली एखादी आलापी भरतो, आणि संयोजकाने दिलेल्या बिदागीतून त्याच्या हाती रिक्षाभाडंही पडत नाही, तर त्या दहाव्या वर्षी त्यातलं शिक्षण किती आणि वेठबिगारी किती, हे कोणीतरी मोजायला हवं. तबलजीला ठरलेले पैसे मिळतात, पेटीवाल्याला मिळतात. गळा देणाऱ्यालाच आशीर्वादावर का भागवायचं?

‘दुसऱ्याचं ऐकायचं नाही’ ही अट घ्या. तिच्यामागे शहाणपण आहे. सुरुवातीच्या वर्षांत आवाजाचा लगाव, आकार, तानेची भाषा एका जागी बसावी लागते. दोन शिक्षक एकाच वेळी दोन तऱ्हांनी आकार लावायला सांगू लागले तर मुलाचा गळा कुठेच लागत नाही. आज ऑनलाइनमुळे एकाच मुलीचे सोमवारी एकाकडे आणि गुरुवारी दुसऱ्याकडे क्लास असतात, शनिवारी तिसऱ्याची कार्यशाळा असते, आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. ही लपवाछपवी वाईट आहे, आणि त्यात नुकसान तिच्या गळ्याचंच आहे. पण ही अट पहिल्या चार-पाच वर्षांसाठी घातली तर ती शिकवण आहे. विशारद झालेल्या, स्वतः मैफली करणाऱ्या तिशीतल्या गायिकेला घातली तर ती मालकी आहे. फरक काळाचा आहे आणि तो पलुस्करांच्या करारात स्पष्ट लिहिलेला होता. आजच्या बाहेरच्या खोलीत तो कोणी उच्चारत नाही.

रेकॉर्डिंगचं तसंच. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज आज आपल्याजवळ नाही. केसरबाईंनी ध्वनिमुद्रणाचा तिटकाराच केला. तरी त्यांची भैरवी १९७७च्या सप्टेंबरात व्हॉयेजर-१ यानावर चढून सूर्यमालेबाहेर निघाली आणि त्याच महिन्यात बाई गेल्या. आता प्रत्येक शिष्याच्या खिशात रेकॉर्डर आहे. तालीम रेकॉर्ड करू देणं हा गुरूचा विश्वास आहे आणि तो मोडण्याचे प्रकार रोजचे झाले आहेत. क्लासमध्ये गुरूने चाचपडत, खाकरत, तीनदा चुकत दाखवलेली जागा दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर ‘दुर्मीळ तालीम’ म्हणून दिसते. गुरूला गाताना चुकायची मुभा फक्त शिष्यासमोर असते. ती चोरली की तालीम थांबते, पुढे फक्त सादरीकरण उरतं. या बाबतीत माझं मत पूर्णपणे शिक्षकांच्या बाजूचं आहे. परवानगी विचारा, नाही म्हटलं तर फोन बाहेर ठेवा.

बंदिशीचं मात्र इतकं सोपं नाही. गुरूने रचलेली चीज शिष्याने कुठे गावी, कोणाला शिकवावी, अल्बममध्ये घेतली तर नाव कोणाचं लागावं? घराण्यांत हे तोंडी चालत आलं. गाण्याआधी गुरूचं नाव घ्यायचं, कानाच्या पाळीला हात लावायचा, झालं. आता मधे रॉयल्टी आली आहे. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयात डागर घराण्याच्या एका रचनेवरून ए. आर. रहमान यांच्या चित्रपटगीताचा वाद गाजला. एप्रिलमध्ये एकल न्यायाधीशांनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरात खंडपीठाने तो रद्द केला. कायद्याला रचनाकाराचा पुरावा हवा असतो आणि घराण्याजवळ आठवण असते, हे त्यातून सगळ्यांनाच दिसलं. आपल्याकडच्या बाहेरच्या खोल्यांत आज रोज नव्या बंदिशी बांधल्या जात आहेत. कित्येकदा गुरू मुखडा देतो आणि अंतरा शिष्याकडून उमलतो. कोणाचं काय हे वहीत तारीख घालून लिहून ठेवायची सवय लागली तर पुढची भांडणं टळतील. त्यात कोणाचा अपमान नाही.

यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर बोलायला लोक कचरतात. आपलं वर्तुळ फार लहान आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात, गोव्यात गाण्याच्या क्षेत्रात ज्यांचं नाव आहे ती माणसं शिकवतातही, परीक्षकही असतात, शिष्यवृत्तीच्या निवड समितीवरही असतात, महोत्सवाचे सल्लागारही असतात. तेव्हा गुरू सोडणं म्हणजे एक क्लास सोडणं राहत नाही. तीन व्यासपीठं सोडावी लागतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाला गुरूचं पत्र लागतं, पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला गुरूचा शब्द लागतो. जिथे एका माणसाच्या रागाने पंधरा वर्षांची वाटचाल थांबू शकते, तिथे निष्ठा कितपत खरी आणि भीती किती, हे त्या शिष्यालाही सांगता येणार नाही. यावर उपदेशाचा उपयोग नाही. आपल्या शिष्याचा अर्ज समोर आला की परीक्षकाने उठून जावं, एवढा साधा नियम संस्थांनी लिहून काढला तरी पुष्कळ. बँकेत, शाळेत, साध्या गृहनिर्माण सोसायटीत हा नियम लोक पाळतात. संगीत संस्थांनाच तो अपमानास्पद का वाटतो, कळत नाही.

नोकरीत ठेवून गुरूची पोटाची चिंता मिटवायची आणि मग शिष्य निवडायचे, असाही प्रयोग झाला. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरूला वेतन मिळतं, शिष्याला शिष्यवृत्ती मिळते. आपले उल्हास कशाळकर तिथे गुरू म्हणून १९९३पासून आहेत, आणि ते स्वतः राम मराठे, गजाननराव अशा अनेकगुरू परंपरेतून आले. पैशाची गाठ सुटली की गुरू शिष्याला दुसऱ्याचं ऐकायला सहज पाठवतो. पण असल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने विद्यापीठाच्या चौकटीत गुरुकुल बसवायचा प्रयत्न १९८७पासून केला, तोही असाच मधला मार्ग. बाकी सगळं गाणं अजून बाहेरच्या खोलीवर उभं आहे.

आणि खोलीचं दार बंद असतं. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१८ साली चेन्नईच्या संगीत क्षेत्रात बायका बोलत्या झाल्या आणि म्युझिक अकादमीने त्या वर्षीच्या महोत्सवातून काही कलाकार वगळले. २०२० साली भोपाळच्या ध्रुपद गुरुकुलातल्या विद्यार्थिनींच्या तक्रारी बाहेर आल्या. महाराष्ट्रात असं काही नाही, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कुजबुज आहे आणि ‘कलाकार माणूस, जरा लहरी’ हे पांघरूण आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा घरातल्या कामाच्या जागेलाही लागू होतो. दहापेक्षा कमी माणसं असतील अशा ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. अठराखालच्या मुलामुलींसाठी २०१२चा पोक्सो आहे. किती संगीत शिक्षकांनी हे दारावर लिहून ठेवलं आहे? पहिल्या दिवशी ‘दार उघडं राहील, आई बाहेर बसली तरी चालेल’ असं पालकांना सांगणारे शिक्षक आहेत. मी त्यांना गुणी समजतो, आणि गाणंही त्यांच्याकडे बरंच असतं.

धोंडूताई कुलकर्णी हे या सगळ्या गुंत्याचं एक विलक्षण उदाहरण. भूर्जी खाँ, लक्ष्मीबाई जाधव, अझिझुद्दीन खाँ यांच्याकडे शिकून त्या केसरबाईंकडे गेल्या. ज्यांनी कोणाला शिकवलं नाही, त्या केसरबाईंनी यांना एकटीला शिकवलं. धोंडूताईंनी पुढे मुंबईत नमिता देवीदयाल यांना शिकवलं आणि त्यातून २००७ साली एक पुस्तक आलं. त्यात गुरूविषयीचं प्रेम आहे आणि गुरूचे हट्ट, आकस, एकटेपणही आहे. मराठीत आपण गुरूविषयी लिहितो ते श्रद्धांजलीच्या सुरात. शिष्याने लिहिलेलं, गुरूच्या पायाजवळ बसून पण डोळे उघडे ठेवून लिहिलेलं असं पुस्तक आपल्याकडे क्वचितच येतं. शिष्यांना लिहिता येत नाही म्हणून नव्हे. लिहिलं तर पुढचा कार्यक्रम कोण देणार, हा हिशेब त्यांना येतो म्हणून.

आता पुन्हा बदलाकडे. गुरू बदलायचा तर शिष्याने प्रत्यक्ष जाऊन सांगावं. व्हॉट्सॲपवर नाही, आईकडून नाही, तिसऱ्याकडून तर नाहीच. आधी सांगावं आणि मग दुसरीकडे बसावं. उलट क्रमाने केलं की त्याला फसवणूक म्हणतात. गुरूनेही काय घेऊन चालला आहेस ते विचारावं, कुठे चालला आहेस एवढंच नव्हे. काही शिक्षक जाणाऱ्या मुलीला अर्धवट राहिलेला राग पूर्ण करून देतात, वहीतल्या बंदिशी तपासून देतात. त्या बंदिशी पुढच्या गुरूसमोर चुकीच्या गायल्या गेल्या तर नाव आपलंच जाईल, हा त्यातला व्यवहारही आहे, आणि तो असायला हरकत नाही.

जबाबदारी सगळ्यात जास्त दुसऱ्या गुरूवर येते, आणि नेमकं तेच कोणी मान्य करत नाही. नवी शिष्या आली की आधीच्यांचं नाव काढून हसणं, ‘हे सगळं विसरायला लागेल’ म्हणणं, हे अगदी चांगल्या लोकांच्याही तोंडी असतं. पूर्वीच्या शिक्षकाने बसवलेला षड्ज आपण वापरणार आणि त्यालाच नावं ठेवणार. याउलट काही जुने गुरू एकच प्रश्न विचारून मग तंबोरा लावायला घेत: आधीच्यांना सांगून आली आहेस ना? नसेल तर जा, सांग, मग ये. ही रीत चांगली आहे आणि ती परत यायला हवी. फक्त एका ठिकाणी ती चालत नाही. कधी समोर बसलेली मुलगी उत्तर देत नाही, मान खाली घालते, आधीच्यांचं नाव निघालं की गप्प होते. तिला त्या दारात पुन्हा उभं राहायला लावणारा गुरू रीत पाळतो आहे असं मी म्हणणार नाही. त्याने तंबोरा लावायला घ्यावा, दार उघडं ठेवावं, आणि ती कधी बोलली तर स्थानिक समितीचा पत्ता त्याला ठाऊक असावा.